आधारची झेरॉक्स आहे, पण घरचा फोन नंबर नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परप्रांतीय भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, नाहीतर कारवाई होईल, अशी बातमी आपल्या पेपरात अधूनमधून येते. ती द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मी शिरोली पुलाची इथं एमआयडीसीच्या रस्त्याला बरीच वर्षं मेडिकल चालवते, घरामागच्या दोन खोल्या पण भाड्यानं दिल्यात, त्यामुळं सांगते, आमच्यासारख्या घरमालकांकडं भाडेकरूच्या आधार कार्डाची झेरॉक्स असते, ठेकेदाराचा नंबर असतो, डिपॉझिट किती घेतलं ते लिहिलेलं असतं, आणि त्या पोराच्या आईचा किंवा बायकोचा फोन नंबर मात्र नसतो. हे पत्र त्या नंबरासाठी लिहितेय. म्हणजे नंबर ही सुरुवात, खरा मुद्दा असा की बिहार, यूपी, झारखंड, ओडिशाहून आलेली ही माणसं आपल्या फौंड्र्या चालवतात, आपल्याच गल्लीत राहतात, आणि त्यातल्या कित्येकांना इथं नावानं हाक मारणारं कुणी नसतं. त्याचा त्यांच्या मनावर काय परिणाम होतो ते मला काउंटरवरून रोज दिसतं.

आमच्याकडं सगळ्यात जास्त खप कशाचा म्हणाल तर ॲसिडिटीच्या कॅप्सूल, डोकेदुखीची गोळी, बाम आणि कंबरेला मारायचा स्प्रे. आता मोल्डिंगला (साचे करायला), फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) काम करणाऱ्याचं अंग दुखणारच, कास्टिंग उचलायचं, ग्राइंडर धरायचा, भट्टीच्या धगीत उभं राहायचं, वर ओव्हरटाइम मिळतोय म्हणून बारा बारा तास. पण नुसत्या अंगदुखीचा गडी दोन दिवस येतो आणि बरा होतो. काहीजण मात्र महिनोन्महिने येत राहतात, कधी पोटात जळजळ, कधी छातीत धडधड, कधी डोकं जड, डॉक्टरनं ईसीजी काढला, रक्त तपासलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. आणि मग एखाद्या संध्याकाळी दुकानात गर्दी नाही असं बघून हळूच विचारतात, "दीदी, नींद का कुछ मिलेगा?" झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये येतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, रजिस्टरला नोंद ठेवावी लागते, मी देत नाही. मी विचारते, गाव कुठलं, घरी कोण कोण आहे. एवढं विचारलं की माणूस काउंटरला टेकतो आणि बोलतच सुटतो, धाकट्या बहिणीचं लग्न, त्यासाठी घेतलेली उचल, बापाचं ऑपरेशन, पोरगी आता फोनवर बोलायला येत नाही, लाजते. मागं दुसरं गिऱ्हाईक आलं की गप्प होतो आणि बाम घेऊन जातो.

माझी मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण करतेय, तिच्या नोट्समध्ये मला एक गोष्ट वाचायला मिळाली आणि हे सगळं डोळ्यापुढं आलं. बार्सिलोनाचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेबा आचोतेगी यांनी २००२ साली परदेशातून आलेल्या, हातावर पोट असलेल्या लोकांच्यात दिसणाऱ्या त्रासाला एक नाव दिलं, युलिसिस सिंड्रोम. युलिसिस म्हणजे ग्रीक पुराणातला तो राजा जो वर्षानुवर्षं घराबाहेर भटकत राहिला. लक्षणं काय, तर झोप न लागणं, डोकं दुखणं, हाडं दुखणं, थकवा, रडू येणं, सतत ताण. आणि आचोतेगी स्पष्ट सांगतात की हा मानसिक आजार नव्हे, माणसाच्या सोसण्यापलीकडचा ताण आहे, त्याला वेड्यात काढून गोळ्यांवर ठेवू नका. माणूस गाव सोडतो तेव्हा सात गोष्टींचं दुःख त्याच्यावर एकदम येतं म्हणतात ते, घरची माणसं, भाषा, संस्कृती, माती, आपला मान, आपल्या समाजाशी असलेला संबंध, आणि जिवाची सुरक्षितता. मी तर म्हणते आपल्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत जाऊन बघा, सातही सापडतील. तिकडं देश बदलतो, इकडं नुसतं राज्य बदलतं, पण ओडिशातल्या खेड्यातल्या पोराला मराठी पाटी काय आणि स्पॅनिश पाटी काय, दोन्ही सारख्याच. त्यातल्या त्यात मानाचं दुःख मला फार मोठं वाटतं. गावात ज्याला चारचौघांत विचारतात, बारावी पास म्हणून ज्याच्याकडून अर्ज लिहून घेतात, तो इथं आला की "ए लेबर" होतो, किंवा सरसकट सगळे "भैय्या", मग तो झारखंडचा असो नाहीतर आसामचा.

खोल्यांबद्दल बोलायला पाहिजे. दहा बाय दहाची खोली, पत्र्याचं छप्पर, त्यात सहा जण आणि गाद्या तीन, कारण तिघं दिवसपाळीला आणि तिघं रातपाळीला, एकजण उठून गेला की त्याच गादीवर दुसरा झोपतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सहा जण एकत्र आहेत, एकमेकांना सोबत आहे. पण पाळ्या उलट्या असल्या की दोघं जण एकाच गादीवर वर्ष काढतात आणि एकमेकांशी धड बोलायचा प्रसंग येत नाही. त्यात ठेकेदारानं वेगवेगळ्या जिल्ह्यांतून माणसं गोळा केलेली, एकाची मैथिली, दुसऱ्याची ओडिया, हिंदी कामापुरती. अशाच एका खोलीतला विशीतला पोरगा, आमच्याकडं रिचार्जचे सुट्टे पैसे मागायला यायचा, तो मागच्या वर्षी हळूहळू बोलायचा बंद झाला. जेवेना, कामाला जाईना, रात्री उठून खोलीबाहेर उभा राहायचा. बरोबरच्यांनी ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदारानं डॉक्टरला दाखवलं नाही, घरी फोन केला नाही, जनरलचं तिकीट काढून त्याला एकट्याला गाडीत बसवून दिलं. मला दोन दिवसांनी कळलं. मी खोलीवाल्यांना विचारलं, घरमालकाला विचारलं, ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तो घरी पोचला का. कुणाकडंच घरचा नंबर नाही. आधारची झेरॉक्स निघाली, त्यावर पत्ता होता, जिल्हा होता, पण पत्त्याला फोन लागत नाही. तो पोचला का नाही ते मला आजही माहीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२१ चा आकडा सांगते, देशात त्या वर्षी १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यात ४२,००४ रोजंदारीवर काम करणारी माणसं होती, म्हणजे चारातला एक. हे सगळे काही परराज्यात गेलेले नव्हते, पण आपण जेव्हा मानसिक आरोग्य म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर आयटीतली पोरं आणि परीक्षेचा ताण असलेली मुलं येतात, हातावर पोट असलेला माणूस येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग गुजरीतले, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातले बंगाली कारीगर बघा, ते पण बाहेरचेच, त्यांचं छान चाललंय की. बरोबर आहे, आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे. ते एका गावातून, एका नात्यागोत्यातून येतात, काकानं पुतण्याला आणलं, पुतण्यानं मेव्हण्याला, एकत्र जेवण रांधतात, आपली दुर्गापूजा करतात, कुणी आजारी पडला तर त्याला धरून दवाखान्यात नेणारा घरचाच असतो. १९३२ साली ओडेगार्ड नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरांनी अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास केला होता, तर मायदेशी राहिलेल्यांपेक्षा तिथं गेलेल्यांच्यात गंभीर मानसिक आजारानं इस्पितळात दाखल व्हायचं प्रमाण जास्त निघालं. पुढं बऱ्याच देशांत संशोधन झालं, त्यात हेही वारंवार दिसलं की स्थलांतर केलेला माणूस आपल्या लोकांच्यात राहत असेल तर त्याला धोका कमी आणि विखुरलेला, एकटा पडलेला असेल तर जास्त. पैसा, काम, खोली सारखीच असली तरी फरक पडतो.

आणि हे कोल्हापूरकरांना कुणी बाहेरच्यानं शिकवायची गरज नाही. शिरोलीपासून जवळच वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली पोलंडची माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यातली सुमारे ५,००० माणसं वळिवड्याच्या कॅम्पात राहिली. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान पोलंडला गेले तेव्हा वॉर्सात जे कोल्हापूर स्मारक दाखवलं ते याचंच. २०१९ साली म्हातारी झालेली ती मुलं परत कोल्हापूर बघायला आली तेव्हा आपण त्यांचं केवढं कौतुक केलं. ते या गावाला एवढ्या वर्षांनी का विसरले नाहीत याचा जरा विचार करा. कॅम्पातल्या बराकी काही महाल नव्हत्या, उकाडा होता, साप-विंचू होते, आणि त्या लोकांनी घर, माणसं, देश सगळं गमावलेलं होतं. पण तिथं त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, स्काउटची पथकं होती, आणि पोरांचे शिक्षक त्यांच्यातलेच होते. सकाळी उठून जायला जागा होती आणि न आल्यास चौकशी करणारं माणूस होतं. पोलंडची माणसं गेल्यावर त्याच जागेत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं आली, आज त्या गांधीनगरची कपड्याची होलसेल बाजारपेठ सगळ्या भागाला माहीत आहे. तेही पूर्ण कुटुंबंच्या कुटुंबं आले, शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट, म्हणून उभे राहिले असं मला वाटतं.

त्याही आधी शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. खेड्यातला पोरगा कोल्हापूरला शिकायला आला तर फी माफ करून भागत नाही, त्याला राहायला जागा आणि आपली माणसं पाहिजेत, म्हणून १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला मिस क्लार्क होस्टेल, एकामागून एक निघत गेली. या बोर्डिंगांकडं आपण शिक्षणाच्या इतिहासातली गोष्ट म्हणून बघतो, पण घर सोडून आलेल्या पोराला धरून ठेवायचं काम पण त्यांनीच केलं.

बायकांचं तर कुणीच बोलत नाही. नवऱ्याबरोबर आलेल्या बायका दिवसभर खोलीत एकट्या असतात, बाजारात जायची भीती, भाषा येत नाही, गावाकडं सासू-जावा-शेजारणी अशा गराड्यात राहिलेली बाई इथं चार भिंतींत. आमच्या गल्लीत बिहारची एक मुलगी बाळंत झाली, पहिलटकरीण, आई नाही, सासू नाही, नवरा डिलिव्हरीसाठी दोन खाडे झाले म्हणून तिसऱ्या दिवशी कामावर. बाळाला पाजायची, पण त्याच्याकडं बघायची नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी आशाताईंना सांगितलं, त्या आल्या, कार्ड केलं, लसी सुरू झाल्या, पण ती काही उठेना. शेवटी शेजारची एक मावशी, वय सत्तरच्या वर, हिंदीचा एक शब्द येत नाही, ती रोज सकाळी जायला लागली. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, शेक द्यायची, त्या पोरीच्या डोक्याला तेल चोळायची आणि तोंडानं मराठीत अखंड बडबड. ती पोरगी भोजपुरीत उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचं किती कळत होतं देव जाणे. पंधरवड्यात पोरगी उठून बसायला लागली, महिन्याभरानं मावशीच्या ओट्यावर बसून लसूण सोलताना दिसली. मी तरी नवऱ्याला सांगून तिला सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात दाखवून आणायला लावलंच, कारण बाळंतपणानंतरचं नैराश्य हा खरा आजार आहे आणि त्यावर उपचार लागतात, मावशी म्हणजे डॉक्टर नव्हे. पण मावशी नसती तर ती पोरगी दवाखान्यापर्यंत पोचलीच नसती. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांवर ब्राउन आणि हॅरिस या दोघांनी केलेलं संशोधन १९७८ साली प्रसिद्ध झालं, त्यात मनातलं सगळं सांगता येईल असं एक जवळचं माणूस ज्या बायकांना होतं त्यांचं संकटात सुद्धा नैराश्यात जायचं प्रमाण खूप कमी होतं. एक माणूस, जास्त नाही.

स्थानिक पोरांना नोकऱ्या मिळत नाहीत आणि बाहेरचे येतात हा राग मला माहीत आहे, माझ्या घरात पण त्यावर वाद होतात. तो प्रश्न कंपन्यांना, ठेकेदारांना, सरकारला विचारायचा आहे. रातपाळी करून आलेल्या माणसाला झोप का लागत नाही याच्याशी त्याचा संबंध लावू नका. आणि आपली पोरं पण बाहेर आहेतच की, बंगळूर, दुबई, जर्मनी, अमेरिका. तिथं उतरल्यावर पहिल्यांदा महाराष्ट्र मंडळ कुठं आहे ते शोधतात. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून चालतंय, गणपती, दिवाळी, मराठी शाळा सगळं आहे, आणि आपला पोरगा तिथल्या गणपतीचा फोटो पाठवतो तेव्हा आईच्या जिवाला केवढा आधार वाटतो ते मला सांगायला नको. मग छठला पंचगंगेच्या घाटावर जमणाऱ्या बायकांकडं बघून नाक का मुरडायचं?

माझ्या अपेक्षा फार नाहीत. घरमालकांनी भाडेकरार करताना घरच्या दोन माणसांचे नंबर घ्यावेत आणि माणूस राहायला आल्यावर त्यातल्या एका नंबरवर त्याच्यासमोर एकदा फोन करून "तुमचा मुलगा आमच्याकडं आहे, माझं नाव अमुक" एवढं सांगावं. मी आता असं करते. पलीकडं आई रडायलाच लागते बऱ्याचदा, भाषा कळो न कळो. कंपन्यांनी ठेकेदारावर न सोडता गेटवर स्वतः ही माहिती ठेवावी, आणि शक्य असेल तिथं एका गावची, एका बोलीची माणसं एकाच पाळीत आणि खोलीत ठेवावीत, यात कुणाचा एक रुपया जास्त जात नाही. ठेकेदारानं आजारी माणसाला एकट्याला गाडीत बसवायचं नाही, बरोबर माणूस द्यायचा नाहीतर घरच्यांना बोलवून घ्यायचं, यावर तरी उद्योजकांच्या संघटनांनी ठाम राहावं.

आणि आपल्या तालमी, आपली मंडळं. कोल्हापुरात पूर आला तर तालमीची पोरं सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरतात, २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरांना जेवण पोचवताना कुणी त्यांचं राज्य विचारलं नव्हतं. तीच पोरं सुट्टीच्या दिवशी एक व्हॉलीबॉलची मॅच खोलीवाल्यांच्या पोरांबरोबर लावू शकतात, गणपतीच्या आरतीला त्यांना बोलावू शकतात, वर्गणी मागायला आपण त्यांच्या खोलीवर जातोच, तर महाप्रसादाच्या पंगतीचं आमंत्रण पण द्यायला जाऊ या. हे उपकार म्हणून करायचं नाही. ज्याच्याशी आपण खेळलो तो चार दिवस दिसला नाही की आपोआप विचारलं जातं, कुठं गेला रे तो.

उपचार लागतील तिथं उपचारच पाहिजेत. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, हिंदी, बंगाली, ओडियासकट बऱ्याच भाषांत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यात मानसोपचार मिळणं हा हक्क केलेला आहे, तो कोल्हापूरच्या माणसाला जेवढा आहे तेवढाच इथं कामाला आलेल्या माणसाला आहे. पण मी काउंटरवर विचारते तेव्हा हा नंबर कुणालाच माहीत नसतो. मी हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावलाय, आता ओडियात लिहून देणारं कुणीतरी शोधतेय.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे साहेब. १४४१६ हा नंबर हिंदी, ओडिया आणि बंगालीत, कापून चिकटवता येईल अशा चौकटीत, आपल्या पेपरात एक दिवस छापा. खोलीवाले मराठी पेपर वाचत नाहीत हे मला माहीत आहे, पण त्यांचे घरमालक वाचतात, ठेकेदार वाचतात, चहाच्या गाड्यावर पेपर असतोच. मी स्वतः त्या दिवशीचे अंक घेऊन आमच्या रस्त्यावरच्या खोल्यांच्या दारांना ती चौकट लावायला तयार आहे, माझ्या मुलीच्या वर्गातली पोरं पण येतो म्हणालीत.

आपली,
एक मेडिकलवाली वाचक,
शिरोली पुलाची, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर